आदिवासी गोष्टी वर्गात घेताना: कुठल्या निवडाव्यात, कुठल्या ठेवून द्याव्यात?

केंद्रशाळा (धागाकर्ता)

जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या शाळांच्या एका केंद्रासाठी तिसरी ते पाचवीची वाचनपेटी करायची आहे. वर्गात वारली, कोकणा, ठाकर आणि कातकरी मुलं एकत्र बसतात. आठ पुस्तिका, प्रत्येकी सोळा पानं, वर बोली आणि खाली मराठी. पहिली पुस्तिका ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी वाटायची असा बेत आहे.

कच्ची यादी अशी: १) कणसरी, २) वाघदेव, ३) कोल्हा आणि मगर, ४) एकलव्य, ५) गोंडांचा लिंगो, ६) कोरकूंची माणूस घडवण्याची गोष्ट, ७) भुताळीची (चेटकी ठरवलेल्या बाईची) गोष्ट, ८) बिरसा मुंडा.

निवडीचे निकष काय असावेत? यादीत काय खटकतं? गुळगुळीत उत्तरं नकोत, स्पष्ट सांगा.

कणगी

स्पष्ट हवंय म्हणून थेट. ९ ऑगस्टला कणसरी वाटू नका.

कणसरी ही धान्याची देवी. वारल्यांमध्ये तिची कथा भगत (देवकार्य करणारा) घांगळी या तंतुवाद्यावर गातो, तीही नवं पीक हाती आल्यावर. ऑगस्टमध्ये शेतात आवणी (भाताची लावणी) नुकतीच आटोपलेली असते आणि कणगीचा तळ दिसायला लागलेला असतो. त्या दिवसांत ही कथा हाताळणं म्हणजे शिमग्याला दिवाळीचा कंदील लावणं. तारपा या फुंकवाद्याचंही तेच, भर पावसात तो वाजवत नाहीत. शाळेच्या कार्यक्रमात मात्र ऑगस्टमध्येच तारपा नाच बसवतात. मुलं नाचतात, आणि घरची म्हातारी माणसं मागे गप्प उभी असतात.

म्हणून यादी करताना विषय बघण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा. कोण सांगतं? कधी सांगतात? कुणासमोर सांगतात? प्रत्येक गोष्टीपुढे हे तीन रकाने भरले की निम्मी निवड आपोआप होते. उदाहरणार्थ, लग्नात धवलेरी (लग्न लावणारी बाई) जे गाते ते लग्नविधीचा भाग आहे. त्यातून दोन ओळी उचलून 'पालघट देवीची कविता' करू नये. चित्रातही हेच पथ्य. देवचौक आणि लग्नचौक ही विधीची भिंतीचित्रं लग्नाच्या घरात काढतात, लग्नचौकात पालघट देवी असते. मुखपृष्ठावर छान दिसतो म्हणून पालघटीसकट चौक छापला तर तो नक्षी म्हणून वापरल्यासारखं होतं. मुखपृष्ठाला शेत, झाडं, मासे, मुंग्यांची रांग, काहीही चालेल.

ऑगस्टसाठी प्राण्यांची गोष्ट घ्या. तुमची तीन नंबरची. खेकडा, बेडूक, कोल्हा यांच्या गोष्टींना बहुधा ना काळ लागतो ना भगत. आजी चुलीपाशी सांगते. वाघदेव वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीच्या आसपास. कणसरी कापणी-झोडणी उरकल्यावर. आठ पुस्तिका आहेत ना? एकदम छापून पेटीत कोंबण्याऐवजी हंगामाप्रमाणे सोडा.

पळसपापडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर. कणसरीला वारली मानतात तसे कोकणाही मानतात, पण दोघांच्या कथा एक नाहीत. कोकण्यांकडे कथा थाळीवर होते: काशाची थाळी, मध्ये मेणाने उभी चिकटवलेली काडी, तिच्यावरून बोटं ओढत सूर धरायचा आणि त्या सुरावर कथा सांगायची. एकाच वर्गात दोन्हीकडची मुलं असतील तर 'आदिवासींची कणसरी' असं शीर्षक देऊ नका. 'वारली कथा, अमुक पाडा, सांगणार अमुक' असं लिहा. पुढच्या वर्षी कोकणा कथा घ्या. दोन्हींची खिचडी करून केलेली तिसरी कथा कुणाचीच राहत नाही.

शिवाय अशी कथा गायला लागली की रात्र पुरत नाही. तिचं सोळा पानांत सार काढलं की उरतं काय? 'एक देवी होती, ती रुसली, दुष्काळ पडला, लोकांनी माफी मागितली.' असं सार जगातल्या कुठल्याही धान्यदेवीला चिकटेल. सार काढू नका, तुकडा घ्या. एक प्रसंग, जसा सांगितला तसा, त्यातल्या पुनरुक्तीसकट. त्याच त्या ओळी परत परत येतात म्हणून संपादक कापतात, पण तिसरीच्या मुलाला वाचायला त्याच ओळींचा आधार असतो. दुसऱ्यांदा तीच ओळ आली की ते न अडखळता वाचतं.

तर्कट

एकलव्य का खटकावा कुणाला? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, आदिवासी नायक, अन्यायाचा मुद्दाही आहे. शबरीही घाला.

कणगी

@तर्कट, एकलव्य जरूर शिकवा, पण महाभारतातली गोष्ट म्हणून. या पेटीत हवी ती लोकांनी स्वतः सांगितलेली गोष्ट. निषादपुत्राबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलेली नव्हे. हा फरक बारीक वाटतो, पण वर्गात तो जाडजूड होऊन बसतो. आदिवासी मूल पहिल्यांदा पुस्तकात स्वतःसारखं कुणी बघतं, आणि तो अंगठा कापून देणारा निघतो. शबरीचंही तेच, उष्टी बोरं देऊन ती धन्य होते. दोन्हीकडे गोष्टीचा डोळा दुसऱ्याचा आहे.

डोंगरवाट

थोडं आडवं जातो. भिल्लांमध्ये एकलव्याला आपला मानणारे पुष्कळ आहेत, आणि बाण सोडताना अंगठा लावायचा नाही ही गोष्टही ते त्याच्याशी जोडून सांगतात. हा भाग लोकांचा स्वतःचा आहे. नंदुरबारकडच्या एखाद्या म्हाताऱ्याने ती तशी सांगितली, तर ती त्याच्या नावाने घ्या. महाभारताच्या बालआवृत्तीतून उचलू नका. म्हणजे प्रश्न नायकाचा नाही, सांगणाऱ्याचा आहे.

भुताळीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. यादीतून काढाच. सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, गाव सोडावं लागलेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झालेला नाही. गोष्ट म्हणून ती रंगतदार असेलही, पण वर्गात बसलेल्या एखाद्या पोरीच्या आजीकडे गावाने आधीच बोट दाखवलेलं असू शकतं. ते शिक्षकाला ठाऊक नसतं, बाकीच्या मुलांना ठाऊक असतं. 'शेवट बदलून घेऊ, ती चांगली निघते असं करू' हा तोडगाही नको. बदललेला शेवट मुलं घरी जाऊन मूळ शेवटाशी ताडून बघतात आणि मग पुस्तकच खोटं ठरतं.

बिरसा मुंडाही या पेटीतून बाहेर. तो इतिहास आहे, तारखा आहेत, खटले आहेत, आणि प्रदेश झारखंडचा. महाराष्ट्रातलंच हवं असेल तर इंग्रजांविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे आहेत, पण तेही इतिहासाच्या कप्प्यात. आख्यायिका आणि इतिहास एका पेटीत ठेवले की मुलांना वाटतं, दोन्ही सारखंच खरं किंवा सारखंच खोटं.

सिपनाकाठ

कोरकू गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती घेताना हमखास एक चूक होते.

गोष्ट थोडक्यात: विंध्य-सातपुडा ओसाड पडलेला बघून रावण महादेवाला विनवतो की इथे माणसं वसव. महादेव कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडतो. त्या मातीचे पुरुष आणि बाई घडवतो, पण इंद्राने पाठवलेले घोडे येऊन मूर्ती तुडवतात. परत घडवतो, परत तुडवतात. शेवटी महादेव आधी मातीचा कुत्रा करतो, त्यात प्राण फुंकतो, आणि तो कुत्रा घोड्यांना हाकलून लावतो. मग मुला आणि मुलाई ही पहिली जोडी उभी राहते. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ही कथा नोंदवलेली आहे.

तिसरीला इतकी चपखल गोष्ट दुसरी नाही. कृती तीनदा होते, कावळा आहे, कुत्रा आहे, माती आहे. वर्गात खरी वारुळाची माती आणता येते. ओली करून बोटभर बाहुल्या करायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवल्या तर तडकतात.

आता चूक. रावणाचं नाव बघून कुणीतरी दचकतं आणि तिथे 'एक राजा' करतं. कोरकूंच्या मेळघाटात रावण आणि मेघनाद यांना मानतात, फाल्गुनात मेघनाथाची पूजा होते. नाव पुसलं की गोष्टीतून कोरकूंचा पूर्वज-आठवणीचा धागाच निघून जातो, आणि उरते कुठलीही एक माती-माणसाची गोष्ट. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे शिक्षक-पुस्तिकेत 'आपल्याकडे रावण वाईट, पण त्यांच्याकडे…' असं वाक्य. 'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे? वर्गात समोर बसलेलं मूल कोरकू असेल तर ते कुठल्या बाजूला मोजायचं?

भाषेचीही एक मेख आहे. कोरकू मुंडा कुळातली भाषा, तिच्यात द्विवचन आहे. 'ते दोघं' आणि 'ते सगळे' यांची रूपं वेगळी. शिवाय ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' असा भेद आहे, जो मराठीतही आहे. पण भाषांतर बहुतेक वेळा हिंदीमार्गे येतं. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद बुडतो आणि मराठीत येताना अंदाजाने काहीही लावलं जातं. देव माणसांना 'आपण' म्हणतोय की 'आम्ही', याने गोष्टीचा अर्थ बदलतो. मधली हिंदी टाळा, थेट दुभाषी माणूस शोधा.

पळसपापडी

@सिपनाकाठ, हे फार नेमकं. धागाकर्त्यांच्या भागात एवढी अडचण नाही, कारण वारली, कोकणा, कातकरी या बोली मराठीला जवळच्या. मूल वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उडी मारू शकतं. माडिया, गोंडी, कोलामी या द्राविडी कुळातल्या, तिथे दोन ओळींची वाक्यरचनाच जुळत नाही. त्या पट्ट्यात शब्दाखाली शब्द बसवण्याचा हट्ट सोडून समोरासमोरच्या पानांवर दोन भाषा ठेवाव्यात.

मोहफूल

लिंगोच्या गोष्टीबद्दल सावध व्हा. तिचं सहज मिळणारं जुनं लेखी रूप हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूरकडे गोळा केलेलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापलं. त्यात महादेवाला गोंडांचा वास सहन होत नाही, तो त्यांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर सोळा हात लांब शिळा लावतो, असं येतं. इंटरनेटवरच्या बऱ्याच 'गोंड लोककथा' याच पाठाच्या नातवंडा-पतवंडा आहेत. 'जुना दस्तऐवज' म्हणून शिक्षक तो विश्वासाने घेतात आणि पाचवीतल्या गोंड मुलाला 'तुमच्या पूर्वजांचा वास यायचा' हे वाचायला लावतात.

कचारगडला, म्हणजे गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला जी यात्रा भरते तिच्याशी जोडलेली गोष्ट वेगळी आहे. तिथे काली कंकाली या मातेची मुलं गुहेत आहेत, जंगो रायताड ही देवी आहे, धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो आहे, आणि शिळा हलते ती हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या (तंतुवाद्याच्या) सुरांनी. शिळा सरकते आणि हिरासुका तिच्याखाली दबला जातो. संगीताने दगड हलण्याचा प्रसंग चौथी-पाचवीला अगदी जमेल. पण ही नुसती गोष्ट नाही, चार-पाच-सहा-सात देवांच्या सगा व्यवस्थेचं (देवांच्या संख्येवरून होणाऱ्या गोंड कुळांच्या विभागणीचं) हे मूळ आहे. मुलाला विचारलं 'तुम्ही किती देवांचे?' तर ते सांगेल. म्हणून पाठ निवडताना पोथी उघडण्याआधी परधान समाजातल्या कथागायकाला किंवा भुमकाला (पुजाऱ्याला) विचारा. आणि तुमच्या पट्ट्यात गोंड मुलंच नसतील तर ही गोष्ट घ्यायची घाई कशाला? आठपैकी सहा गोष्टी पायी जाता येईल इतक्या अंतरावरच्या हव्यात.

तळटीप

कायद्याची बाजू, कारण ती नेहमी छापून झाल्यावर आठवते.

लोककथेवर कुणा एकाचा स्वामित्वहक्क नसतो, पण ती कुणी शब्दांत मांडली असेल तर त्या मांडणीवर असतो. भाषांतरावर वेगळा असतो. भारतात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं. आदिवासी कथा गोळा करणारे व्हेरिअर एल्विन १९६४ मध्ये वारले, म्हणजे त्यांनी स्वतः छापलेलं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मोकळं. पण त्याचं कुणी अलीकडे केलेलं मराठी भाषांतर मोकळं नाही.

शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात उतारा काढून देणं कलम ५२ (१) (आय) खाली चालतं. वाचनपेटी छापून वीस शाळांत वाटणं किंवा पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणं या सवलतीत बसेल असं गृहीत धरू नका.

शिवाय गाणारा भगत हा कायद्याच्या भाषेत कलाकार, आणि सादरीकरणावर त्याचा ५० वर्षं हक्क असतो. त्याला न विचारता केलेलं ध्वनिमुद्रण हा त्या हक्काचा भंग आहे.

संमतीचा कागद एका पानाचा ठेवा आणि प्रश्न तीन वेगळे विचारा: ध्वनिमुद्रण करू का? वर्गात वापरू का? छापून किंवा नेटवर टाकू का? तिन्हींना वेगळं हो-नाही. 'शाळेसाठी' म्हणून घेतलेला होकार नेटला लागू होत नाही. लिहिता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचा आणि होकार ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच घ्या. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू असेल तिथे) ग्रामसभेपुढेही विषय ठेवा. सक्ती म्हणून नव्हे, पण नंतर 'आमच्या देवाचं पुस्तक कुणी छापलं' हा प्रश्न तिथेच येणार असतो. आणि सांगणाऱ्याचा दिवस मोडतो, निदान एका दिवसाची मजुरी द्या. शाल-श्रीफळाने चूल पेटत नाही.

खिळेजुळारी

छपाईचं बोलतो. १६ पानं म्हणजे ए-४ चे चार कागद मधून दुमडून, मध्ये दोन टाचण्या. पानं नेहमी चारच्या पटीत. १४ पानांची गोष्ट लिहिलीत तर दोन कोरी राहतात. ती मुलाने घरून आणलेल्या दुसऱ्या पाठासाठी मुद्दाम कोरी ठेवा, खाली चार रेघा मारून.

तिसरीला पानावर बोलीच्या तीन ओळी, मराठीच्या तीन. ओळीत सहा-सात शब्द, त्याहून लांब नको. बोलीचा टाइप २० पॉइंट, मराठीचा १६. बहुतेक जण उलटं करतात आणि बोली तळटिपेसारखी बारीक दिसते, मग मुलं तीच वगळतात. ओळ शब्दसमूहाच्या शेवटी तोडा, संगणक तोडेल तिथे नाही. फाँट घेताना 'श' आणि 'ल' तपासा. बऱ्याच फाँटांत हिंदी वळणाचे येतात, पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळे, आणि तिसरीचं मूल तिथे थबकतं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मोफत आहे, त्यात मराठी वळण मिळतं.

गेरूवर पांढरं चित्र झेरॉक्सवर काळ्या डागासारखं येतं, टोनर पितं आणि हाताला लागतं. पुस्तिकेत पांढऱ्यावर काळ्या रेषेचं चित्र ठेवा. गेरू आणि तांदळाच्या पिठाचं काम शाळेच्या भिंतीवर करा.

पळसपापडी

ध्वनिमुद्रणासाठी थोडं: फोन विमान-मोडवर, सांगणाऱ्यापासून हातभर, पत्र्याखाली किंवा पंख्याखाली नाही. आधी तारीख, पाडा, नाव, होकार, मग गोष्ट. एक मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवा. दहा मिनिटांच्या मुद्रणाला लिहून काढायला दीड-दोन तास धरा, गायलेलं असेल तर दुप्पट. शब्द कसा लिहायचा याची यादी पहिल्याच पुस्तिकेला करा, नाहीतर एकच शब्द आठ पुस्तिकांत पाच तऱ्हेने येतो.

आणि हात जोडून विनंती, शेवटी 'तात्पर्य' नको. कोल्हा मगरीला फसवतो आणि सुखाने राहतो, तिथे गोष्ट संपते. 'म्हणून कुणालाही फसवू नये' हे वाक्य गोष्टीच्या अगदी उलट आहे आणि मुलांना ते दिसतं. मोहाची दारू, मासे, शिकार हेही खोडू नका. गोष्टीत देवाला मोहाची धार दिली असेल तर तिथे 'सरबत' लिहिल्यावर सगळा वर्ग हसतो. प्रश्न विचारायचेच तर असे विचारा: ही नदी कुठली असेल? तुमच्याकडे कोल्हा काय म्हणतो? घरी हा भाग वेगळा सांगतात का?

तर्कट

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात, त्याचं काय करणार? शाळा तर दिवसाच भरते. :)

सिपनाकाठ

@तर्कट, हसण्यावारी नेऊ नका. मध्य भारतात पुष्कळ घरांत हे पाळतात. उपाय सोपा आहे: गोष्ट रात्री घरी ऐकून यायची, वर्गात फक्त वाचायची आणि चित्रं क्रमाने लावायची. आश्रमशाळेत मुलं राहतातच, तिथे रात्रीच्या जेवणानंतर सांगा.

केंद्रशाळा

सगळ्यांचे आभार. बदल केले. ऑगस्टला कोल्हा-मगर. वाघदेव वाघबारशीला, कणसरी (वारली, एका पाड्याची, एकच प्रसंग) नव्या भातानंतर. भुताळी, बिरसा, एकलव्य आणि लिंगो बाहेर. त्यांच्या जागी कातकरी आणि ठाकर पाड्यांवरून प्रत्येकी दोन गोष्टी गोळा करायच्या, त्या जागा तोपर्यंत रिकाम्या. संमतीपत्र तीन प्रश्नांचं केलंय. कोरकू गोष्टीचा मराठी मसुदा तयार आहे, @सिपनाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, जरा बघाल का?

सिपनाकाठ

बघितला. पान ५ वर 'त्यांना' आहे तिथे 'त्या दोघांना' करा. पान ९ वर कुत्रा घोड्यांना 'समजावतो', तो हाकलतो. आणि पान २ वर अजून 'एक राजा'च आहे.

केंद्रशाळा

ते टायपिंग करणाऱ्याने परत बदललं वाटतं. रावण केलंय.